पोचा

डॉक्टर खडतकरांनी टेबलावर ठेवला
माझाच जबडा,
पांढऱ्या प्लास्टिकचा, छापून आणलेला.
डावीकडे, जिथलं हाड दोन वर्षांपूर्वी गाठीसकट गेलं,
तिथं एक करडी पट्टी.
"टायटॅनियम. हातात घेऊन बघा."

तांबट आळीत जन्मलेल्या बाईच्या हातात धातू दिला
तर ती काय करणार?
नखानं वाजवून बघितली.
नाद नाही. टिच् झालं, तेवढंच.
वजन काडेपेटीएवढं.
"यात पाणी तापायचं नाही," असं म्हणायचं होतं;
बाहेर पडलं ते वेगळंच, ओलं,
आणि कुंदावहिनींनी रुमाल पुढं केला.

(खालच्या ओठाला अर्धंच कळतं.
चहा ओघळतो, समोरच्याचे डोळे सांगतात,
मग मी पुसते.)

आमच्याकडे पोचा आलेल्या घागरी यायच्या
ओझरहून, दिंडोरीहून, पोत्यात गुंडाळून.
बायका म्हणायच्या, "तांबटदादा, ठोका की जरा इथं."
अण्णा हसायचे.
बाहेरून ठोकलं तर पोचा आणखी आत जातो, बाई.
मग घागरीच्या पोटात खरवई घालायचे,
आधार आतून,
आणि वरून हलक्या हातानं मठारत यायचे, तासभर.
"आला चेहरा," म्हणायचे.
घागरीच्या अंगाला ते चेहराच म्हणत.

पडद्यावर माझं तोंड फिरत होतं, कातडीशिवाय.
"उजवी बाजू शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले,
"तिचीच आरशातली नक्कल डावीकडे बसवू.
दोन्ही बाजू तंतोतंत."
वहिनी म्हणाल्या, "अगं, नवरीसारखी दिसशील."

मी पाटी मागितली.
माझी डावी बाजू उजवीसारखी नव्हतीच कधी.
अण्णांचीही नव्हती.
कानाखाली जरा बसकी, हनुवटी डावीकडे झुकलेली,
जसं मागून कुणी हाक मारावी
आणि आम्ही अर्धंच वळावं.
भांडीबाजारात अनोळखी माणसं थांबवायची,
"तू वडनेऱ्यांची ना?"

फोटो शोधताना आठवडा गेला.
लग्नातल्यात मुंडावळ्या आड आल्या,
आधार कार्डावर मी फरार आरोपी.
शेवटी सापडला दुकानाच्या उधारीच्या वहीत,
मेन रोडच्या स्टुडिओतला, अठराव्या वर्षीचा,
'हसू नका' म्हटल्यावर आलेलं हसू दाबताना.

डॉक्टरांनी पट्टी लावली, स्कॅन पाहिला, पुन्हा पट्टी लावली.
"दोन मिलिमीटर. एवढा वाकडेपणा मुद्दाम ठेवायचा?
लोक माझ्याकडे उलटं मागायला येतात."
मी पाटीवर लिहिलं : अडीच.

भूल देणारे डॉक्टर गप्पिष्ट होते.
"या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं, ताई,
तुमचा तर जबडाच आहे."
मला हसता येत नव्हतं.
आणि मला ती आठवते, तेव्हा राक्षसीण नाही आठवत,
एक बाई आठवते, रानातून परत चाललेली,
तळहातानं चेहरा दाबून.
तिला कुणी विचारलं असेल का,
जुना फोटो आहे का तुमचा?
दहापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले.
सातपर्यंत पोचले असेन.

डिसेंबरात पारा सहावर उतरला.
स्कार्फ न बांधता पहिल्यांदाच बाहेर पडले.
थंडी आधी त्या पट्टीला कळते,
आतून, दातदुखीसारखी, पण दात नसलेल्या जागी.
रविवार कारंज्यापाशी चहा घेतला
आणि पेला गालाला लावून उभी राहिले.
"ताई, निवतोय," टपरीवाला म्हणाला.

शेजारी कानटोपीतले एक आजोबा
निरखून बघत होते मला, बराच वेळ.
मी थोडी वळले, डावीकडून दिसेल अशी.
त्यांनी घसा खाकरला.
मी पेला खाली घेतला.

"पंचवटीची बस गेली का हो?"
त्यांनी विचारलं.